गोळी की हिरवी भाजी? पोटातल्या बाळासाठी फोलेट

आपल्या विदर्भात पालक, मेथी, चवळीची भाजी, तुरीचं वरण, हरभरा, शेंगदाणे यांची कमी नाही. या सगळ्यात फोलेट असतं, म्हणजे बाळाच्या मेंदू-मणक्याच्या घडणीला लागणारं एक ब-जीवनसत्त्व. मग गोळी कशाला, असं सासूबाई म्हणतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही.

पण अडचण चुलीवर होते. अंबाडीचा आंबटपणा जावा म्हणून आपण ती उकडतो, घट्ट पिळतो आणि पाणी फेकून देतो. फोलेट पाण्यात विरघळतं, उष्णतेनं नासतं. बरंचसं त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. उन्हाळ्यात तर ताजा पालाच महाग होतो.

गोळीतलं फोलिक ॲसिड, म्हणजे फोलेटचंच तयार केलेलं रूप, शरीर जास्त चांगलं शोषतं आणि मात्रा ठरलेली असते: रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ बायांना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं! म्हणून गोळी निदान महिनाभर आधीपासून घ्यावी आणि पहिले तीन महिने चालू ठेवावी. चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी मिळते, तिच्यात फोलिक ॲसिडही असतं.

माझं मत स्पष्ट आहे: गोळी चुकवू नका, भाजी-वरणही सोडू नका. मूल हवं असेल तर आशाताईला आधीच सांगा. सिकलसेल हा रक्ताचा आजार असेल किंवा आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, तर मात्रा बरीच जास्त लागते. ती डॉक्टरांनीच ठरवावी.