अठरा हजारांचा ऑनलाइन मार्केट सर्व्हे: शहापूरच्या कुंदेवाल्याचा अनुभव

बेळगावच्या शहापुरात आमचं कुंद्याचं, म्हणजे दूध आटवून केलेल्या मिठाईचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. टिळकवाडीत दुसरी शाखा काढायची की कुरिअरनं परगावी माल पाठवायचा, या पेचात होतो, म्हणून एका डिजिटल मार्केटिंगवाल्यांकडून ऑनलाइन मार्केट सर्व्हे करून घेतला. खर्च अठरा हजार, मुदत दीड महिना. त्यांचं नाव लिहीत नाही. मला सांगायचंय ते आकडे कसे वाचायचे याबद्दल.

आधी चांगलं सांगतो. काम बघणारा पोरगा सज्जन, फोन लगेच उचलणारा, ठरल्या तारखेला चाळीस पानी रिपोर्ट हातात. गुगल मॅपवर आमचं दुकान मागच्या गल्लीत दिसायचं, ते त्यानं जागेवर आणलं. वेबसाइटला ॲनालिटिक्स, म्हणजे साइटवर किती लोक कुठून येतात ते दाखवणारी सोय, जोडून दिलं. तेवढ्याचेच चार-पाच हजार घेतले असते तर मी आनंदानं दिले असते.

पण रिपोर्टचा निष्कर्ष होता: निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक बंगळूरचं, तिथं कुरिअर सुरू करा. मी खोक्यांची ऑर्डर द्यायला निघालोच होतो. पुतण्या म्हणाला, "काका, थांबा की जरा." त्यानं गल्ल्यासमोर उभं राहून फोनचं वायफाय बंद केलं, मोबाइल डेटावर आमचीच साइट उघडली आणि लॅपटॉपवर ॲनालिटिक्सचं रिअलटाइम पान लावलं. थोड्या वेळानं तिथं एक माणूस आला. गाव, बंगळूर. पुतण्या माझ्यापासून चार फुटांवर, शहापुरात! हे गाव आयपी पत्त्यावरून, म्हणजे नेटच्या जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून ठरवतात, आणि मोबाइल कंपनीचं नेट ज्या शहरातून बाहेर पडतं तिथलं नाव लागू शकतं. म्हणजे त्या निम्म्यांतले खानापूर-निपाणीचे किती आणि खरे बंगळूरचे किती, हे रिपोर्टातल्या रंगीत चक्रावरून सांगताच येत नाही. त्याच्या भरवशावर मी नाशवंत माल पाचशे किलोमीटर पाठवणार होतो.

"६२ हजार लोकांपर्यंत पोचलात" असंही एका पानावर होतं. खाली बारीक अक्षरात शब्द होता इम्प्रेशन्स. एकाच बाईला जाहिरात पाचदा दिसली तर इम्प्रेशन्स पाच, माणूस एक. व्हिडिओचंही तसंच, फेसबुकवर तीन सेकंद पाहिलं तरी तो व्ह्यू धरणारा आकडा असतो आणि रिपोर्टात तोच होता. तीन सेकंदांत कढईत उलथनं एक फेरासुद्धा पुरा करत नाही.

गुगलवर एखादा शब्द कधी जास्त, कधी कमी शोधला जातो ते दाखवणाऱ्या गुगल ट्रेंड्सचा आलेख १०० ला टेकलेला पाहून त्यांनी "शंभर टक्के मागणी" लिहिलं. तो १०० म्हणजे निवडलेल्या काळातला सगळ्यात उंच बिंदू, बाकीचे आकडे त्याच्या तुलनेत. किती माणसांनी शोधलं हे त्यात कळत नाही. शिवाय शोध घेतला तो फक्त 'बेळगावी' या इंग्रजी स्पेलिंगचा. ते सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासूनचं. आपली माणसं देवनागरीत बेळगाव लिहितात, इंग्रजीत जुनंच स्पेलिंग ठेवतात, कानडी गिऱ्हाईक कन्नड लिपीत शोधतं. नुसता शब्द टाकला तर हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. या सीमाभागात काम करणाऱ्याला एवढं सुचायलाच हवं होतं.

सगळ्यात जास्त राग आला तो प्रश्नावलीचा. ४१२ उत्तरं, त्यांतल्या ८७ टक्क्यांना नवी शाखा हवी. मी मूळ उत्तरं मागून घेतली. फॉर्म इंग्रजीत, भरणाऱ्याला सोडतीत मिक्सर. रात्री एक वाजून दहा मिनिटांपासून ओळीनं नऊ उत्तरं, सगळ्यांत पहिलाच पर्याय. लग्नाच्या बस्त्याला आलेली, जाताना दोन किलो बांधून नेणारी येळ्ळूरची मावशी यात कुठं आहे? मेहुणी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. तिनं १९३६ च्या अमेरिकी निवडणुकीचं सांगितलं. लिटररी डायजेस्ट साप्ताहिकानं कुणाला मत देणार हे विचारणारी सुमारे एक कोटी कार्डं पाठवली, वीस लाखांहून जास्त परत आली, कौल लँडन या उमेदवाराच्या बाजूनं. निवडून आले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत. बरेचसे पत्ते टेलिफोनवाल्यांचे आणि मोटारवाल्यांचे होते, आणि उत्तर पाठवायची हौस असलेल्यांनीच ते पाठवलं. जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलपनं त्याहून कितीतरी कमी माणसांना विचारून विजेता बरोबर सांगितला.

मग आम्ही दोन आठवडे गल्ल्यावर वही ठेवली. प्रत्येकाला एकच प्रश्न, "कुठनं आलासा?" वहीलाही मर्यादा आहे, जो आलाच नाही तो तिच्यात नाही. पण रविवारी दुपारी दोन ते पाच ओळीनं कोल्हापूर, पुणे, सांगली असं लिहिलेलं सापडलं. गोव्याहून चोर्ला घाटानं परतणाऱ्या गाड्या. मॅपवर दुकानाचा रस्ता विचारणाऱ्यांचा आकडाही रविवारीच चढलेला. दोन वेगळ्या वाटांनी एकच गोष्ट दिसली, तेव्हा कुठं माझा विश्वास बसला.

सेवेला पाचपैकी दोन तारे. असं काम देणार असाल तर मूळ उत्तरं देणार का, फॉर्म मराठी-कानडीत काढणार का आणि उत्तरं कुणाकडून घेणार, हे पैसे द्यायच्या आधी लिहून घ्या. टिळकवाडीचा विचार मी तूर्त थांबवलाय. रविवारी सकाळी दहाला दुसरी कढई चढवतो, दीडपर्यंत अर्ध्या किलोचे डबे भरून तयार असतात.