सलग व्याख्यान की प्रश्न-चर्चेचा तास?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कॉलेजात जूनपासून शिकवायला उभं राहणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी व्याख्यानाची बाजू. नवा विषय उघडून दाखवायचा, चार प्रकरणांचा धागा जोडायचा, एखादी लांबलचक सिद्धता एका दमात फळ्यावर मांडायची, तर व्याख्यानाला तोड नाही. पोर्शनही वेळेत संपतो. दोन तुकड्या एकत्र बसवल्या असतील तर बहुधा तोच मार्ग उरतो.

खटकतं ते एकच. "समजलं का?" विचारलं की पुढचे दोन बाक माना डोलावतात, मागून एखादा "हो सर" येतो आणि आपण पुढे सरकतो. काय समजलं नव्हतं ते पेपर तपासताना कळतं, तोवर सेमिस्टर संपलेलं असतं. आषाढात पत्र्यावर पाऊस कोसळत असताना तर मागे आवाजही पोचत नाही, तरी माना डोलतातच. माझा कौल याच मुद्द्यावर फिरला.

दुसरी पद्धत हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी 1991 पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात रुजवली. दहा मिनिटं शिकवायचं, मग चार पर्यायांचा एक प्रश्न. मिनिटभर प्रत्येकाने गप्प बसून विचार करायचा आणि मत द्यायचं. मोबाइलवर मतदान नको, पावसाळ्यात रेंजचा भरवसा नाही. ए4 कागदाला दोन घड्या घालून चार चतकोरांवर अ, ब, क, ड लिहिलं की भागतं. कागद छातीशी धरायचा, म्हणजे शेजाऱ्याला दिसत नाही. बरोबर उत्तरं साधारण 30 टक्क्यांखाली असली तर पुन्हा शिकवा, 70 च्या वर असली तर थोडक्यात सांगून पुढे चला. मधल्या पट्ट्यात दोन-तीन मिनिटं शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मत. पहिल्या फेरीचा निकाल मात्र सांगू नका. सांगितलात की सगळे बहुमताकडे झुकतात.

प्रश्न कसा असावा? "आज रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पूर्ण भरती सकाळी 11 ला असेल, तर उद्या सकाळी केव्हा?" मच्छीमार घरातली मुलं तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब (भरती रोज साधारण पाऊण तास पुढे) जाणतात, त्याला जवळचा 11:50 चा पर्याय पटकन निवडतात आणि कारण विचारलं की अडतात. शेजाऱ्याला पटवून देताना मग त्यांच्याच तोंडून निघतं: दिवसभरात चंद्रही पुढे सरकतो, म्हणून पृथ्वीला पुन्हा त्याच्यासमोर यायला सुमारे 50 मिनिटं जास्त लागतात.

त्रास इथेही आहेत. शिकवण्याच्या दहा मिनिटांवर एका प्रश्नाला आणखी आठ-दहा मिनिटं जातात, म्हणजे तासाला तीनच प्रश्न. माझूर वाचन घरूनच करून यायला लावतात. एसटीने रोज दोन तास ये-जा करणाऱ्यांकडून ते कमीच होतं, म्हणून वरची दहा मिनिटं आपणच द्यावी लागतात. आणि "सर शिकवतच नाहीत" ही तक्रार येणार हे धरून चाला. हार्वर्डमध्येच 2019 च्या अभ्यासात दिसलं की अशा वर्गातली मुलं जास्त शिकली, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. पहिल्याच आठवड्यात वर्गाला हे सांगून टाकावं.

आकडेही याच बाजूला झुकतात. 2014 साली 225 अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण 33.8 टक्के होतं, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत 21.8. हे विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितापुरतं. इतिहास-साहित्याला ते जसंच्या तसं लावू नये, तिथे चांगलं व्याख्यान अजूनही उजवं ठरू शकेल.

एकदम सगळा विषय या पद्धतीवर नेऊ नका. जिथे दरवर्षी मुलं हमखास चुकतात असा एक धडा निवडा आणि जुन्या उत्तरपत्रिकांतल्या चुकाच पर्याय म्हणून घाला. चुकीचे पर्याय मनाने रचले तर ते कुणालाच खरे वाटत नाहीत आणि मत घेण्यात अर्थ उरत नाही.