व्हॉल्वचे रेडिओ आणि गोव्याचा पावसाळा: डीह्युमिडिफायर, ड्राय कॅबिनेट की सिलिका जेल?

घरात पाच-सात व्हॉल्वचे (काचेच्या नळ्यांवर चालणारे जुने) रेडिओ आहेत, एखादा स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे, कॅसेटींचे खोके आहेत आणि जून तोंडावर आलाय. खोलीतल्या हवेतली ओल काढणारा डीह्युमिडिफायर घ्यावा, आतली हवा कोरडी ठेवणारं विजेचं कपाट म्हणजे ड्राय कॅबिनेट घ्यावं, की ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांवर भागवावं? दुकानात विचारलं तर जे दुकानात असेल तेच चांगलं ठरतं. माझं म्हणणं असं, की आधी घराकडे बघा, मग वस्तूंकडे, आणि यंत्राकडे सगळ्यात शेवटी.

कुठलाही उपाय निवडलात तरी गाठायचा आकडा एकच आहे: आर्द्रता ४५ ते ५५ टक्के. साधारण ६५-७०च्या वर बुरशीला रान मोकळं मिळतं. किनाऱ्यालगत आणखी एक भानगड असते. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ चेसिसवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर), बँड स्विचवर, स्टेशन लावायच्या गँग कंडेन्सरच्या पात्यांवर बसलेलं असतं, आणि आर्द्रता ७५च्या वर गेली की ते पाणी ओढून घेऊन विरघळतं. हिरवा गंज आणि खरखर तिथून सुरू होते. म्हणून कांदोळी-कोलव्याच्या रेडिओची अवस्था डिचोली-सांग्याच्या रेडिओपेक्षा लवकर बिघडते. उलट टोकही वाईटच. ४०च्या खाली फार दिवस ठेवलं तर व्हिनिअर (वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर) उकलतं, लाकूड तडकतं.

आता पर्याय. फ्लॅटमध्ये दारं-खिडक्या घट्ट लागणारी एक खोली संग्रहासाठी देता येत असेल तर डीह्युमिडिफायरला तोड नाही. कॉम्प्रेसरवाला घ्या; आपल्या उबदार हवेत तो छान चालतो. जुलैत त्याची टाकी रोज भरते, तेव्हा पाण्याची नळी न्हाणीघरात सोडता येईल असाच घ्या, नाहीतर टाकी भरून तो बंद पडतो आणि तुम्ही चार दिवस मडगावला पाहुणे. ३०० वॅटचं यंत्र दिवसाला १० तास चाललं तर ३ युनिट, म्हणजे महिन्याला ९०. खोली थोडी तापते, तेही धरून चाला. पण घर चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं आणि वाशांमधून उजेड दिसतोय अशी तऱ्हा असेल तर हे यंत्र घेऊच नका. तिथे ते अख्ख्या तालुक्याची हवा सुकवत बसेल.

अशा घरात खोली कोरडी करण्याचा नाद सोडून पेटी कोरडी करावी. ड्राय कॅबिनेट तेच करतं: आकडा लावायचा, दार लावायचं, विसरायचं. १० वॅट धरले तरी महिन्याला सातेक युनिट. कॅमेरा, ट्रान्झिस्टर, वॉकमन, कॅसेटी, सुटे व्हॉल्व यांच्यासाठी मी डोळे मिटून हेच सांगेन. अडचण आकाराची. लाकडी पेटीचा मोठा टेबल रेडिओ साध्या कॅबिनेटमध्ये मावत नाही, आणि मावेल असं घ्यायचं तर त्या पैशात आणखी रेडिओ येतात. (संग्राहकाला हा हिशोब सांगू नये, तो रेडिओच आणेल.)

मग मोठ्या रेडिओसाठी रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा खोका आणि सिलिका जेल. स्वस्त, आणि वीज गेली तरी काम चालू. पण बहुतेकांचा हा उपाय फसतो, त्याचं कारण हिशोबात आहे. १०० लिटरच्या खोक्यातली हवा ८५ टक्क्यांवरून ५५वर आणायला जेमतेम एक ग्रॅम पाणी काढावं लागतं. पण खरं पाणी हवेत नसतं, लाकडात असतं. पाच किलोची लाकडी पेटी ८५ टक्के आर्द्रतेत मुरलेली असेल तर ५५वर येईपर्यंत ती साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पाणी सोडते. ते पिण्यासाठी किलोभराहून जास्त जेल लागेल. बुटाच्या खोक्यातल्या चार पुड्या एका रात्रीत संपतात. म्हणून रेडिओ जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत, सावलीत, मागचं झाकण काढून सुकवायचा आणि मेच्या मध्यापर्यंत बंद करायचा. जुलैत ओला रेडिओ खोक्यात कोंडणं म्हणजे बुरशीला घर बांधून देणं. जेल नारिंगी रंगाचं घ्या. निळ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तापवू नये. १२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की जेल पुन्हा कामाला तयार.

कपाटात १५ वॅटचा बल्ब लावणं ही जुनी युक्ती. ती पाणी काढत नाही, फक्त हवा तापवते, पण तेवढ्यानेही फरक पडतो: २८ अंशांना ९० टक्के असलेली हवा ३४ अंशांना ६४वर येते. लाकडी पेट्यांना चालेल. रबरी बेल्ट, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आणि टेपला सततची ऊब मानवत नाही. शिवाय आगीची धास्ती. आणि एलईडी लावून उपयोग नाही, ही ऊब त्याच्यात नाही.

ओल ओढणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे कपड्यांच्या कपाटात ठेवा. त्यात साठणारं खारं पाणी चेसिसवर सांडलं तर गंजाला वेगळं आमंत्रण नको.

एसीबद्दल जरा जपून. पावसाळ्यात बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के असताना दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाखाली हवेतलं पाणी दव होऊन बसतं तो आकडा, २६च्या आसपास असतो. एसीने २३-२४ला थंड केलेल्या खोलीत वीज गेली आणि कोणी खिडकी उघडली, की चेसिसवर दव धरतं. एसी गाडीतून उतरताना चष्म्याचं होतं तसं. एसी लावायचाच तर २७वर, आणि बंद केल्यावर तासभर दार उघडू नका.

यातलं काहीही घेण्याआधी आर्द्रता मोजणारे दोन डिजिटल हायग्रोमीटर घ्या, एक खोलीत आणि एक खोक्यात. स्वस्तातले बिनदिक्कत खोटं सांगतात, तेव्हा तपासून घ्या: बाटलीच्या बुचात मीठ घाला, ते ओलसर होईल इतके थेंबभर पाणी टाका, बूच आणि मीटर झिपच्या पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ यायला हवा. ७० दाखवलं तर पुढे त्यात पाच मिळवून वाचायचं.

चवथीला दोन दिवस लख्ख ऊन पडलं म्हणून खोके उघडू नका, दिवाळीपर्यंत थांबा. उघडल्यावर लगेच प्लगही लावू नका. जुने कागदी कंडेन्सर ओल पितात आणि गळू लागतात. मग आउटपुट व्हॉल्वच्या ग्रिडवर (आतल्या नियंत्रक जाळीवर) पॉझिटिव्ह व्होल्टेज जाऊन व्हॉल्व तापतो, आणि ट्रान्सफॉर्मरही सोबत जाऊ शकतो. पहिल्यांदा ६० किंवा १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) रेडिओच्या सिरीजमध्ये, म्हणजे वीज आधी बल्बातून मग रेडिओत जाईल असा, लावून सुरू करा. बल्ब आधी उजळून मंद झाला तर ठीक. भक्क पेटलेलाच राहिला तर प्लग काढा आणि रेडिओ मेकॅनिककडे न्या.