रात्री दहानंतरची भूक: फुटाणे, मखाणे, लाह्या की डायट चिवडा?

डाएट पाळणाऱ्यांची खरी परीक्षा रात्री साडेदहा-अकराला असते. दिवसभर मोजूनमापून खाल्लेलं असतं, दिवे मालवलेले असतात आणि पोटात कावळे ओरडत असतात. अशा वेळी नाशिककराच्या घरात हाताशी सापडतो तो चिवडा. म्हणून इथल्या बाजारात सहज मिळणाऱ्या चार गोष्टी एकाच कसोटीवर तपासल्या आहेत: शंभर-सव्वाशे कॅलरींत पोट शांत होतं का, आणि त्यानंतर झोप लागते का.

पहिला नंबर सालासकट, बिनमिठाच्या फुटाण्यांचा. पाचपैकी साडेचार गुण. ३० ग्रॅम फुटाण्यांत साधारण ११० कॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात, शिवाय सालामुळे भरपूर चोथा. चावायला वेळ लागतो आणि तो वेळच इथे उपयोगी पडतो, कारण पोट भरल्याची जाणीव व्हायला १५-२० मिनिटं लागतात. साल काढलेलं पंढरपुरी डाळं दिसायला सुबक असतं, पण त्यातला चोथा सालाबरोबर गेलेला असतो आणि ते भराभर खाल्लं जातं. रात्रीसाठी सालवालेच घ्या.

कुठून घ्यायचे? रविवार कारंजा, भद्रकाली भागात जिथे माल रोज खपतो तिथून, आणि विकत घेण्याआधी एक दाणा मागून. तो बोटांत दाबा: ताजा असेल तर कट्कन दोन फाका होतात आणि साल आपोआप सुटतं. सादळलेला दाणा दबतो, फुटत नाही. मग चावून बघा. हरभरा ओलवून, मुरवून तापलेल्या वाळूत भाजतात. वाळू नीट चाळली नसेल तर दाताखाली कचकच येते. तो माल नको, दातांचं नुकसान होतं. बोटाला लागणारा जर्द पिवळा रंग दिसला तरी सोडून द्या. हळदीचा रंग इतका भडक नसतो, आणि अखाद्य रंगाची शंका असलेली वस्तू रोज रात्री पोटात घालण्यात अर्थ नाही. गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, प्रसादाच्या दुकानांतले खारे फुटाणे देवदर्शनानंतर मूठभर खायला छान, पण रोजच्या रात्रीला त्यांतलं मीठ नडतं.

कापलेला अर्धा गुण फुटाण्यांनंतर लागणाऱ्या तहानेसाठी. फुटाणे कोरडे, वर दोन ग्लास पाणी प्यायलं की पहाटे तीनला उठावं लागतं आणि मोडलेली झोप परत जुळत नाही. खारे असतील तर आणखी वाईट. उपाय सोपा आहे: झोपण्याच्या तासभर आधी खा, सावकाश चावा, पाणी अर्ध्या ग्लासावर ठेवा. दात कमजोर असतील किंवा वारा धरत असेल तर २५ ग्रॅम फुटाणे मिक्सरमधून काढून, ते पीठ वाटीभर पातळ ताकात जिरेपूड घालून कालवा.

घरी आणल्यावर एक काम मात्र त्याच दिवशी करा. वजनकाट्यावर ३०-३० ग्रॅमच्या पुड्या बांधून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पाव किलोत आठ होतात. अकरा वाजता भुकेल्या पोटी उघडा डबा मांडीवर घेतला तर १०० ग्रॅम कधी संपले ते कळत नाही, आणि ते जवळजवळ एका जेवणाइतके होतात.

मखाण्याला साडेतीन. २० ग्रॅममध्ये मोठा वाडगा भरतो, कॅलरी सत्तरच्या आसपास, त्यामुळे ज्यांना तोंड चालू ठेवायचं असतं त्यांना बरा. पण प्रथिनं दोनच ग्रॅम, म्हणून खरी भूक तासाभरात परत येते. किमतीत तो फुटाण्यांच्या कित्येक पट. ज्वारीच्या लाह्यांचा हिशोब साधारण असाच, फक्त खूप स्वस्त. अर्धा कप कोमट दुधात टाकल्या तर चार गुण द्यायला हरकत नाही.

डायट चिवड्याला दीडच. ‘रोस्टेड’ लिहिलं म्हणजे बिनतेलाचा, हा समज चुकीचा आहे. पाकीट उलटं करा आणि १०० ग्रॅमला फॅट किती ते वाचा. २० ग्रॅम असेल तर पाचवा भाग स्निग्ध पदार्थ: ५० ग्रॅमच्या वाटीत दोन चहाचे चमचे तेल, म्हणजे नुसत्या तेलाच्याच ९० कॅलरी. सुटा घेतला असेल तर मूठभर चिवडा वर्तमानपत्रावर नको, कोऱ्या कागदावर दहा मिनिटं ठेवा. डाग बोलतो.

आणि द्राक्षं. हंगामात घरोघरी पेटी असते आणि ‘फळच तर आहे’ म्हणून रात्री घड संपतो. ३०० ग्रॅमच्या घडात दोनशेच्या वर कॅलरी आणि जवळपास सगळी साखर. द्राक्षं दुपारी खावीत.

जोडीला काही हवं असेल तर १५० मिली टोन्ड दूध, बिनसाखरेचं, कोमट. त्यात ३ टक्के फॅट असतं, फुल क्रीममध्ये ६. जायफळ चिमटीच्या टोकावर मावेल एवढंच. जास्त घातलं तर झोपेऐवजी मळमळ आणि गरगर होते.

रोज रात्री पुडी लागतच असेल तर दोष संध्याकाळच्या ताटात शोधा. नुसतं सूप आणि काकडी खाऊन झोपणारा माणूस जागाच राहणार. एक ज्वारीची भाकरी, मोठी वाटी मटकीची उसळ, पालेभाजी आणि वाटीभर दही यांत वीसेक ग्रॅम प्रथिनं होतात आणि पुडीची गरज बरेचदा संपते. सातचा चहाही बंद करा: कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात. सातपूर-अंबडला सेकंड शिफ्ट करणाऱ्यांनी मुख्य जेवण मधल्या सुट्टीत उरकावं आणि घरी आल्यावर पुडी नि दूध एवढंच घ्यावं. साडेबाराला भरपेट जेवून लगेच आडवं झालं की आंबट पाणी वर येतं.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि रात्री घाम, थरथर, धडधड यांसकट भूक लागली, तर फुटाणे चघळत बसू नका. साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. फुटाणे त्यानंतर, आणि डॉक्टरांना फोन सकाळी न विसरता. किडनीचा आजार असलेल्यांनी रोजचे फुटाणे सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारावं.