फटींमधून वाहणारा इलेक्ट्रॉन दाखवणारा सिम्युलेटर

दोन फटींच्या प्रयोगाचे (इलेक्ट्रॉन दोन अरुंद फटींतून जाऊन पडद्यावर उजळ-अंधारे पट्टे उमटवतात तो) सिम्युलेटर पुष्कळ आहेत, पण बहुतेक लाटेवर लाट चढवतात, पडद्यावर पट्टे उमटवतात आणि थांबतात. एम.एस्सी.च्या वर्गात मी सत्रभर वापरलेला हा प्रोग्रॅम मात्र श्रोडिंगरचे समीकरण (क्वांटम कणाची लाट काळाबरोबर कशी बदलते ते सांगणारे) एर्विन माडेलुंग यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या रूपात, म्हणजे प्रवाहाच्या समीकरणांप्रमाणे, सोडवतो. त्यात तरंगफलाच्या, म्हणजे ही लाट वर्णन करणाऱ्या फलाच्या, मानाचा वर्ग ही घनता असते आणि त्याच्या कलेच्या (फेजच्या) उतारावरून वेग मिळतो.

दोन्ही फटी सारख्या असतील, तर डाव्या फटीतून निघालेली एकही प्रवाहरेषा मधली रेषा ओलांडत नाही. विद्यार्थ्यांचा यावर विश्वास बसत नाही, कारण लाटा तर एकमेकींतून आरपार गेलेल्या असतात. अंधाऱ्या पट्ट्यांच्या जागी ‘लाटा एकमेकींना खोडतात’ असे आपण सवयीने म्हणतो. येथे दिसते ते असे की त्या जागा रेषा झपाट्याने पार करतात आणि उजळ पट्ट्यांत दाटतात. रेषांना असे ढकलते ते क्वांटम पोटेन्शियल, म्हणजे प्रवाहाच्या या समीकरणांत नेहमीच्या बलांशिवाय येणारे जादा पद. ते घनतेच्या आकारावर ठरते, तिच्या एकूण मोठेपणावर नाही, म्हणून फटींपासून दूर, विरळ प्रवाहातही ते जाणवते. फिलिपिडिस, ड्यूडनी आणि हायली यांनी १९७९ मध्ये काढलेले या रेषांचे प्रसिद्ध चित्र असे हाताशी खेळायला मिळणे, हेच मला या प्रोग्रॅमचे मोल वाटते.

दोषही आहेत. घनता शून्याकडे जाते तेथे क्वांटम पोटेन्शियल बेसुमार वाढते आणि गणनेसाठी आखलेली बिंदूंची जाळी जाड ठेवली की रेषा वेड्यावाकड्या होतात; जाळी बारीक केली की माझा लॅपटॉप रडकुंडीला येतो. त्याहून खटकते ते माहितीपुस्तिकेतले ‘इलेक्ट्रॉनचा खरा मार्ग’ हे शब्द. कणाला नेहमी निश्चित मार्ग असतो असे मानणारी डेव्हिड बोम यांची १९५२ ची मांडणी स्वीकारली तरच तसे म्हणता येते. निव्वळ गणित तेवढे सांगत नाही. टोरंटोतल्या २०११ च्या प्रयोगात फोटॉनचे जे मार्ग मिळाले, तेही असंख्य फोटॉनांवरील दुर्बल (कणाला जेमतेम स्पर्श करणाऱ्या) मापनांची सरासरी होते.

‘दोन कण’ हा पर्याय तर वर्गात उघडूच नये. दोन कणांचा प्रवाह सहा मितींच्या (प्रत्येक कणाच्या तीन) अवकाशात वाहतो, आणि कण परस्परांत गुंतलेले (एंटँगल्ड, म्हणजे ज्यांची अवस्था एकत्रच सांगता येते असे) असतील तर त्याचे दोन सुटे प्रवाह करता येत नाहीत. प्रोग्रॅम नेमके तेच करतो आणि चित्र इतके देखणे येते की चूक ध्यानात येत नाही. एका कणापुरता तो जरूर घ्यावा.