नान्सीतील व्हिला माजोरेल: फर्निचर पाहावे ते घडवणाऱ्याच्या घरात

विसाव्या शतकाच्या आरंभीचे अलंकृत फर्निचर संग्रहालयांत बहुधा सुटे सुटे मांडलेले आढळते. फ्रान्सच्या ईशान्येकडील नान्सी शहरात मात्र लुई माजोरेल यांचे काम त्यांच्या राहत्या घरातच पाहायला मिळते आणि केवळ तेवढ्यासाठीही ही भेट मी आवर्जून सुचवेन.

फर्निचर हा माजोरेल घराण्याचाच धंदा होता. वडील ऑग्युस्त जुन्या शैलींचे व जपानी धाटणीच्या लाखकामाचे फर्निचर तयार करीत. १८७९ मध्ये ते वारले, तेव्हा पॅरिसमध्ये चित्रकला शिकणाऱ्या लुईंनी परत येऊन कारखाना हाती घेतला. पुढे नान्सीचेच काच व फर्निचर कलावंत एमिल गाले यांच्या प्रभावाने ते वेली-फुलांकडे वळले आणि १९०१ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकोल द नान्सी’ या कलावंत-कारागिरांच्या संस्थेचे ते एक उपाध्यक्ष झाले. पंचविशीतल्या आंरी सोवाज या वास्तुविशारदाकडून त्यांनी कारखान्याला लागूनच हे घर बांधून घेतले.

माझ्या मते घरातील सर्वांत सरस दालन शयनगृहाचे आहे. पलंगाच्या लाकडाचे वळण पायाशी सुरू होऊन कुठेही न अडखळता वर चढते, आणि त्यावर तांबे व शिंपला यांचे जडवकाम इतके बेताने केले आहे की नजर आधी लाकडावर ठरते, चमक नंतर जाणवते. इथे नक्षी वरून चिकटवलेली वाटत नाही. ती काढून टाकायची म्हटली तर पलंगाचा आकारच मोडेल. माजोरेल यांच्या कारखान्यात लाकडाचे ढोबळ काम यंत्रावर होई आणि शेवटचा हात कारागिराचा फिरे. अशा घडणीत यंत्राची खूण कुठे राहिली असेल हे मी बराच वेळ शोधत होतो, पण ती मला सापडली नाही. जिन्याजवळच्या रंगीत काचा झाक ग्रुबेर यांच्या आहेत, तर लोखंडी काम माजोरेल यांच्याच कारखान्यातले आहे.

भोजनगृहाबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. आलेक्सांद्र बिगो यांची मातीकामाची भलीमोठी शेकोटी स्वतंत्रपणे पाहिली तर अप्रतिम आहे, पण भिंतींवरची फ्रांसिस झुर्दँ यांची चित्रे आणि कोरीव लाकूड यांच्या सोबतीत तिचे वजन फार वाढते.

१९१६ च्या आगीत कारखाना जळाला, लुई १९२६ मध्ये वारले, आणि पुढे या घरात अनेक वर्षे सरकारी कचेऱ्या भरत होत्या. हे लक्षात घेता २०२० मध्ये पुन्हा खुल्या झालेल्या खोल्यांची दुरुस्ती किती जिकिरीची झाली असेल, याची कल्पना येते. मोरोक्कोतील माराकेशच्या निळ्या बागेमुळे आपल्याकडेही ठाऊक झालेले चित्रकार झाक माजोरेल हे लुईंचेच पुत्र.

शक्यतो लख्ख उन्हाच्या दिवशी जावे, म्हणजे काचांचे रंग खुलतात. आणि जोडीला एकोल द नान्सीचे संग्रहालयही पाहावे, कारण गाले व माजोरेल यांच्या हातातला फरक तिथे नीट कळतो.