पानिपत वाचायचंय, पण आधी कादंबरी की आधी इतिहास?

मागच्या महिन्यात भाचीचा फोन आला. परीक्षा संपलेली, हातात तीन आठवड्यांची सुट्टी. "मावशी, पानिपतावर एकच पुस्तक वाचायचं असेल तर विश्वास पाटलांचं वाचू की शेजवलकरांचं?" दोन्ही पुस्तकं माझी नुकतीच, एकापाठोपाठ वाचून झाली होती. कादंबरी पंचवीस वर्षांनी दुसऱ्यांदा, आणि इतिहास पहिल्यांदाच पूर्ण. तरीही मला पटकन उत्तर देता येईना. "दोन दिवस दे," म्हटलं. ते दोन दिवस लांबत गेले आणि तिला सांगायचं ते असं लिहिण्यावर आलं. तिच्यासारखी आणखीही मंडळी असतील, एकाच पुस्तकाला वेळ असलेली.

आधी कादंबरी. विश्वास पाटलांची 'पानिपत' आली १९८८ साली. मी ती पहिल्यांदा कॉलेजात असताना वाचली, तेव्हा रात्रीचे दोन-दोन वाजायचे. या वेळी कांजूरमार्ग ते सीएसएमटी अशी लोकलमध्ये वाचली. पुस्तक जाडजूड आहे. चौथ्या सीटवर बसून एका हातानं धरता येत नाही, मांडीवर पर्स आणि पर्सवर पुस्तक असं करावं लागतं. पण ते खाली ठेववत नाही हेही तितकंच खरं. एकदा घाटकोपरला बाई "उठा, उतरायचंय" म्हणाली तेव्हा मी क्षणभर तिच्याकडे बघतच राहिले. मी होते यमुनेच्या काठी.

कादंबरी सदाशिवरावभाऊला माणूस करते. मराठी माणसाच्या डोक्यात भाऊ म्हणजे हत्तीवरून उतरून घोड्यावर बसलेला आणि गर्दीत नाहीसा झालेला सेनापती. त्या एका क्षणानंच त्याला ओळखायचं. पाटील त्याच्या आधीचे सगळे महिने दाखवतात. उदगीरला निजामावर मिळवलेला विजय, उत्तरेची मोहीम अंगावर येणं, दिल्ली, कुंजपुरा आणि मग पानिपताचा वेढा. १ नोव्हेंबरच्या आसपास मराठ्यांची आणि अफगाण बादशहा अब्दालीची फौज समोरासमोर आली आणि लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. मधले अडीच महिने आपण शाळेत एका वाक्यात उरकतो: "मराठ्यांची रसद तुटली." कादंबरीत ती रसद दिवसादिवसानं, पोटापोटानं तुटते. लढणारे एका बाजूला आणि त्यांच्यासोबत आलेले यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे दुसऱ्या बाजूला. एवढ्या तोंडांना उत्तरेतल्या थंडीत घालायचं काय, हा प्रश्न वाचताना आपल्याच घरातला होतो. इतक्या जवळून भूक दाखवणारी ऐतिहासिक कादंबरी मराठीत मला दुसरी आठवत नाही.

तिची भाषा मात्र कधीकधी फार वर चढते. संवादांत आवेश आला की पाच-सहा पानं तो खाली येत नाही, आणि सगळीच पात्रं एका पट्टीत बोलतात असं वाटू लागतं. विशीत मला ते आवडलं होतं. आता तिथे मी पानं जरा भरभर उलटली. 'रणांगण' नाटक याच कादंबरीवरून उभं राहिलं, आणि हा आवेश रंगमंचावर का शोभतो तेही आता कळलं.

त्र्यंबक शंकर शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' आधी इंग्रजीत आलं, १९४६ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडून. पुढे ते मराठीत आलं. मला ते एका वाचनालयात मिळालं. कपाटाच्या खालच्या खणात होतं आणि आतल्या तारखांच्या कागदावर शेवटचा शिक्का कित्येक वर्षांपूर्वीचा. त्याच वाचनालयातल्या कादंबरीच्या प्रतीची गोष्ट अगदी उलट होती. मुखपृष्ठ दोनदा चिकटवलेलं, पानांवर चहाचे डाग, आणि वेढ्याच्या एका पानावर समासात बारीक अक्षरात पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं: "भाऊ, माघारी फिर." लिहिणारा कोण असेल, गिरणीतला की बँकेतला, कुणास ठाऊक. त्याला पुढचं माहीत होतं, तरी लिहिल्याशिवाय राहवलं नाही. कादंबरीची ताकद मला याहून नेमकी सांगता येणार नाही.

शेजवलकरांच्या प्रतीत समास कोरे होते. ते वाचून मात्र माझ्या डोक्यात जे प्रश्न उठले ते कादंबरी वाचून कधी उठले नव्हते. पहिलाच प्रश्न: मराठे तिथे होतेच कशाला? पुण्याहून शेकडो कोस लांब, दिल्लीच्याही पलीकडे, आपलं काय काम? कादंबरी वाचताना मोहीम निघालेली असते, आपण तिच्याबरोबर निघतो आणि हा प्रश्न मागेच राहतो. इतिहास १७५२ च्या करारापासून धागा धरतो. दिल्लीच्या मुघल बादशहाचं घरच्या आणि बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करण्याची जबाबदारी मराठ्यांनी घेतली होती आणि त्या बदल्यात त्यांना उत्तरेत हक्क मिळाले होते. अब्दालीला अडवणं हे त्या करारातूनच येत होतं. शेजवलकर पानिपताला हिंदुस्थान हिंदुस्थानातल्या लोकांचा राहावा यासाठी दिलेली लढाई मानतात. ते सगळ्यांनी मान्य करावं असं नाही. पण हे एकदा वाचलं की 'मराठे उगाच लांब गेले आणि मेले' असं सहज म्हणता येत नाही.

दुसरा प्रश्न नजीबखान या रोहिला सरदाराचा. १७५७ मध्ये रघुनाथराव दिल्लीत असताना नजीब हाती आलेला होता. मल्हारराव होळकरांनी मध्ये पडून त्याला सोडवलं, आणि पुढे अब्दालीला बोलावून आणण्यात त्याच नजिबाचा हात सगळ्यात मोठा. हे कादंबरीतही येतं. पण इतिहास वाचताना तारखा एकाखाली एक बसतात आणि अंगावर काटा येतो: १७५७ ला सोडला, १० जानेवारी १७६० ला बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले, आणि पुढच्या वर्षी १४ जानेवारीला सगळंच. 'भाऊसाहेबांची बखर' मल्हाररावांच्या तोंडी एक सल्ला घालते. आशय असा, की नजिबाला राखून ठेवा, नाहीतर पेशवे आपल्याला धोतरं बडवायला लावतील. मल्हारराव खरंच असं बोलले का, हा वेगळा प्रश्न. बखर मागाहून लिहिलेली आहे, आणि समकालीन पत्र व बखर यांना एका तराजूत घालायचं नाही हे शेजवलकर वाचताना सतत मनावर ठसत राहतं.

दोन पुस्तकांतला फरक मला एका चिठ्ठीवरून सगळ्यात स्पष्ट कळला. लढाईच्या आदल्या रात्री भाऊनं अवधचा नवाब शुजाउद्दौल्याकडे असलेल्या काशीराज पंडिताला चिठ्ठी पाठवली. पेला काठोकाठ भरलाय, आता एक थेंबही मावायचा नाही, काही करायचं असेल तर आत्ताच करा, अशा अर्थाची. ही चिठ्ठी वाचली की डोळ्यांत पाणी येतं, माझ्याही आलं. कादंबरीकारासाठी ते सोनंच. पण चिठ्ठी आपल्याला कळली ती काशीराजाच्या फारसी वृत्तान्तातून, आणि तो त्यानं लिहिला लढाईनंतर जवळपास वीस वर्षांनी. तो शुजाच्या नोकरीत होता, म्हणजे समोरच्या छावणीतला. शुजा तहाला अनुकूल होता हे त्याला दाखवायचं असणार. चिठ्ठी खोटी ठरत नाही, पण कुणाच्या हातून आपल्यापर्यंत आली हे कळल्यावर तीच चिठ्ठी निराळी वाचली जाते. कादंबरी वाचताना मी भाऊच्या तंबूत होते. इतिहास वाचताना मला काशीराजाच्या मागे जाऊन उभं राहावं लागलं.

उत्तरेतले पेशव्यांचे कारभारी गोविंदपंत बुंदेले यांचंही तसंच. इतिहासकार राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली छापला तेव्हा भाऊची गोविंदपंतांना गेलेली पत्रं लोकांपुढे आली. पैसा पाठवा, धान्य पाठवा, इटाव्याकडे नावा गोळा करून यमुनेवर पूल बांधा. पत्रामागून पत्र, आणि प्रत्येकात चिडचिड थोडी वाढलेली. पावसाळ्यात यमुना फुगलेली असताना नावा जमवणं किती अवघड, हे नकाशा समोर घेऊन वाचताना कळतं. पंत डिसेंबरात मारले गेले आणि अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखातून, येणारी उरलीसुरली आशाही गेली. कादंबरीतला भाऊ माझ्यासाठी राग आणि दुःख आहे. पत्रांतला भाऊ हिशेब मागणारा कारभारी आहे, ज्याला हिशेब मिळत नाही. मला दुसरा भाऊ जास्त जवळचा वाटला. मी बँकेत आहे, कदाचित त्यामुळेही.

लढाईच्या दिवसाबद्दल मात्र माझं मत उलट आहे. इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि बंदुका सांभाळून गोल धरून सरकायचं ठरलं होतं, आणि विठ्ठल शिवदेव व दमाजी गायकवाड गोल मोडून पुढे घुसले, हे इतिहासात दोन-चार ओळींत कळतं. तो गोल फुटणं बघायचं असेल तर कादंबरीच हवी. दुपारी पेशव्यांचा मुलगा विश्वासराव याला गोळी लागते, भाऊ अंबारीतून उतरतो, अब्दाली राखून ठेवलेली फौज सोडतो. ही पानं मी पुन्हा वाचली, आणि दोन्ही वेळा पुढचं माहीत असूनही छातीत धडधडलं.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: दोन्ही पुस्तकं भाऊच्या बाजूची आहेत. कादंबरी डोक्यावर घेते आणि इतिहास झोडपतो, असा अंदाज असेल तर तो सोडून द्या. शेजवलकर कागदपत्रांच्या आधारानं भाऊवरचे बरेच आरोप खोडतात, पाटील त्याच्याबरोबर चालायला लावून. दुसरी बाजू ऐकायची तर जदुनाथ सरकारांचं इंग्रजी लेखन आणि रियासतकार सरदेसायांची 'मराठी रियासत' यांच्याकडे जावं लागतं. रियासतकारांना तर पानिपतानं मराठ्यांची सत्ता संपली हेच मान्य नाही. थोरल्या माधवरावांनी पुढच्या दहा-अकरा वर्षांत काय उभं केलं ते पाहता त्यांचं म्हणणं झटकून टाकता येत नाही.

माधवरावांवरून रणजित देसाईंची 'स्वामी' आठवलीच. ती हळवी आहे, सुंदर आहे, पण पानिपतासाठी तिच्याकडे जाऊ नये. पानिपतानंतरचं घर कसं होतं ते कळायला जावं. इंग्रजीत वाचणाऱ्यांना उदय कुलकर्णी यांचं 'सोल्स्टिस ॲट पानिपत' बरं पडेल. ते २०११ चं आहे, त्यामुळे भाषाही आजची.

तर भाचीला काय सांगायचं?

पहिल्यांदा मी सांगणार होते की आधी कादंबरी, मग इतिहास. सगळे हेच सांगतात, आणि दोन्ही वाचायची असतील तर हा क्रम ठीकच आहे. फक्त मधे वर्षं जाऊ देऊ नयेत. माझ्या बाबतीत पंचवीस वर्षं गेली आणि तेवढ्यात कादंबरीतला भाऊच खरा भाऊ होऊन बसला. शेजवलकर वाचताना त्याला जागेवरून हलवायला मला फार वेळ लागला.

पण तिनं विचारलंय एकाच पुस्तकाचं. आणि एकच, तर मी शेजवलकर सांगेन. पानिपताचं दुःख आपल्याकडे आधीच आहे. ते भाषेतच भिनलंय. कुणी फसवलं की आजी म्हणायची, "विश्वास गेला पानिपतात." धंदा बुडाला, मॅच हरलो, निवडणूक पडली, की लगेच 'पानिपत झालं'. त्यात मोत्ये गळाली नि मोहरा हरवल्या हे पत्र मराठी शाळेत ऐकलं नाही असा कोण आहे? हे सगळं भाचीला न वाचताच मिळालंय. मिळालं नाही ते कारण. कुणी कुणाला पैसे पाठवले नाहीत, कुठली नदी कधी फुगली, कुणाचा कुणावर भरवसा नव्हता, दीडशे-दोनशे वर्षांनी ते कुणी कुठल्या कागदांतून शोधलं. हे दुसरीकडून आपोआप येत नाही, ते बसून वाचावंच लागतं.

तिला वाचनाची अजिबात सवय नसती, तर मी बेलाशक कादंबरी हातात दिली असती. तिला ती सवय आहे. पहिली चाळीस-पन्नास पानं जड जातील, नावं डोक्यात राहणार नाहीत. शेजारी उत्तरेचा नकाशा ठेवायचा आणि यमुना पेन्सिलीनं ठळक करून घ्यायची. मी तसंच केलं, आणि तिथून पुढे पुस्तक सुटलं नाही.

आणि अडलीच, तर एक दिवस पुस्तक बाजूला ठेवून वसईला जाऊन यावं. ती पार्ल्याला राहते, लोकलनं तासाभरात पोचेल. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून जो किल्ला घेतला त्याच्या तटावर संध्याकाळी उभं राहावं. सदाशिवराव हा त्या चिमाजीअप्पांचा मुलगा. वसई घेतली तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि पुढच्याच वर्षी बाप गेला. मला ही साधी गोष्ट शेजवलकर संपवल्यावर तारखा जुळवताना लक्षात आली. त्या रविवारी मी एकटीच वसईला गेले होते. या वेळी तिला घेऊन जाईन. पुस्तक वाचनालयाकडून मुदत वाढवून घेतलंय, १८ तारखेपर्यंत माझ्याकडेच आहे.